कार्टूनची रिळं जमवणाऱ्यांना त्यात नेमकं काय सापडतं?

रीळवाला

घरी आलेला माणूस कपाटातले पत्र्याचे गोल डबे बघतो आणि विचारतो, "यात काय?" मी सांगतो, कार्टून. पुढचा प्रश्न ठरलेला: "पण ते तर फोनवर फुकट दिसतं की!" दिसतं. आवाज तर माझ्या प्रोजेक्टरपेक्षा चांगलाच येतो. तरीही जगभर फिल्म जमवणाऱ्यांच्या कपाटात एक खण या सात मिनिटांच्या हाणामारीसाठी राखीव असतो. मूकपटांच्या मागे असलेल्याकडे असतो, गंभीर युरोपियन सिनेमावाल्याकडेही असतो. का, ते लिहितो. बाकीच्यांनी भर घालावी.

सोयीचं कारण आधी उरकतो. १६ मिमी फिल्मच्या एका फुटात ४० चौकटी बसतात. सेकंदाला २४ या वेगाने मिनिटाला ३६ फूट जातात, म्हणजे सात मिनिटांचं कार्टून अडीचशे फुटांच्या आसपास. ४०० फुटांच्या छोट्या रिळावर ते अख्खं मावतं. पूर्ण लांबीच्या चित्रपटाला तीन-चार मोठी रिळं लागतात, त्यातलं एक खराब निघालं की सगळा संच लंगडा. कार्टून एका हातात मावतं आणि पूर्ण असतं.

आता खरं कारण. ही कार्टूनं फिल्मवर नुसती छापलेली नाहीत, ती फिल्मबद्दल बोलतात. टेक्स एव्हरी या अमेरिकन कार्टून-दिग्दर्शकाचं १९५२चं 'मॅजिकल माएस्ट्रो' घ्या. गायक रंगमंचावर गातोय, डिवचला गेलेला जादूगार छडी फिरवून त्याचे वेश बदलतोय, आणि मध्येच पडद्याच्या कडेला एक केस वळवळायला लागतो. प्रोजेक्टरच्या गेटमध्ये, म्हणजे फिल्म ज्या खिडकीसमोरून सरकते तिथे, केस अडकला की अगदी असाच दिसतो. ऑपरेटरचा हात आपसूक मशीनकडे जातो. तेवढ्यात गायक गाता गाताच वाकतो, तो केस उपटतो, फेकून देतो आणि पुढे गात राहतो. केस चितारलेला होता!

हा विनोद मोबाइलवर बघणाऱ्याला समजावून सांगावा लागतो. प्रोजेक्टरशेजारी बसलेल्याच्या तो थेट अंगावर येतो.

एव्हरीने हे वारंवार केलं. 'डम्ब-हाउंडेड'मधला (१९४३) लांडगा वळणावर इतका वेगात घसरतो की चित्राच्या चौकटीतून बाहेर पडून फिल्मच्या काठावरच्या भोकांपलीकडे जातो. 'लकी डकी'त (१९४८) पाठलाग चालू असताना सगळ्यांचे रंग एकदम उडतात. वळून बघतात तर पाटी: टेक्निकलर (म्हणजे तेव्हाची रंगीत फिल्म) इथे संपतं. चक जोन्सच्या 'डक अमक'मध्ये (१९५३) फ्रेम मधोमध अडकते, वरच्या अर्ध्यात एक डॅफी बदक, खालच्या अर्ध्यात दुसरा, आणि दोघं एकमेकांशी भांडायला लागतात. फ्रेमलाइन सरकणं म्हणजे काय, हे ज्याने स्वतः नॉब फिरवून दुरुस्त केलंय त्याला तिथे जे हसू येतं ते वेगळंच.

तर माझं म्हणणं एवढंच: हा माल ज्या वस्तूवर बनला, ती वस्तू हातात असताना तो पूर्ण होतो. बोला.

अनुजा_डोंबिवली

मस्त धागा. माझं बालपण १९९५ला भारतात आलेल्या कार्टून नेटवर्कवर गेलं. टॉम आणि जेरी म्हणजे शाळेतून आल्यावर टीव्हीवर लागणारी गोष्ट, ती मुळात थेटरसाठी होती हे कॉलेजात गेल्यावर कळलं. तेव्हा चक्रावले होते. इतक्या बारीक तपशिलाचं पार्श्वसंगीत, पूर्ण वाद्यवृंद, सात मिनिटांसाठी?

एक शंका. टॉम-जेरीचे काही भाग एकदम विचित्र वाटायचे, आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमायचा, चित्रं वेडीवाकडी. ते कोणते?

रीळवाला

अनुजाताई, त्या विचित्र भागांवर इथे एक माणूस तुटून पडेल, त्याच्यासाठी ठेवतो. :)

थेटरचं म्हणाल तर हो. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी एमजीएम या हॉलिवूड स्टुडिओसाठी १९४० ते १९५८ या काळात ११४ भाग केले. पहिल्या भागात तर मांजराचं नाव जॅस्पर होतं. सात ऑस्कर मिळाले. संगीत स्कॉट ब्रॅडलीचं. टॉम शेपटी चिमटल्यावर जी किंकाळी फोडतो ती खुद्द हॅनाची. हॅनाला संगीत कळायचं, त्यामुळे कुठला फटका कितव्या ठोक्यावर बसणार हे चित्र काढण्याआधीच कागदावर ठरलेलं असायचं.

बिनधास्त_बंड्या

तात्या, राग मानू नका, पण हे सगळं म्हणजे वस्तूचा मोह आणि त्याला दिलेला तात्त्विक मुलामा. कार्टून म्हणजे चित्र + आवाज. दोन्ही चांगल्या ब्लू-रेवर मूळ निगेटिव्हच्या जवळ जातात. तुमची सोळा मिमी प्रिंट म्हणजे प्रतीची प्रत, त्यावर ओरखडे, वर पट्टे तुटायची भीती. केसाचा विनोद एक झाला. बाकीच्या हजार कार्टूनांचं काय? तिथे कुणी केस उपटत नाही.

रीळवाला

बंड्या, राग कसला, हाच प्रश्न हवा होता.

केस बाजूला ठेव. टायमिंग घे. एव्हरीने मुलाखतीत सांगितलं होतं की प्रेक्षकाच्या डोळ्याला एखादी हालचाल कळायला पाच चौकटी पुरतात. वरून ऐरण पडणार असेल तर ती आदळण्याआधी जेमतेम तेवढाच वेळ दिसू द्यायची, आधी दिसली की मजा गेली. पाच चौकटी म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. १६ मिमीवर ही दीड इंच फिल्म होते. मी ती दोन बोटांत धरू शकतो.

चक जोन्सने रोड रनरच्या मागे धावणाऱ्या कायोटीच्या पडण्याचा हिशोब लिहून ठेवलाय: कड्यावरून खाली जात जात ठिपका होऊन नाहीसा व्हायला १८ चौकटी, आणि त्यानंतर १४ चौकटींनी तळाशी धुळीचा फुगारा. १६ मिमीवर पहिलं अंतर साडेपाच इंचांना थोडं कमी, दुसरं सव्वाचार इंच. रिवाइंडरवर बसून, खाली दिवा लावून, भिंगातून हे मोजता येतं. हसू कुठे पिकतं? त्या सव्वाचार इंचांत, जिथे पडद्यावर काहीच घडत नाही.

ब्लू-रे थांबवून चौकट चौकट पुढे नेता येते, मान्य. पण तिथे एका वेळी एकच चौकट समोर असते. फिल्मवर आधीची, आत्ताची, नंतरची, तिन्ही शेजारी शेजारी. 'डोव्हर बॉइज'मध्ये (१९४२) जोन्सच्या मंडळींनी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी झेपावणारा माणूस दाखवताना मधल्या चौकटीत त्याचा नुसता लांबलचक रंगाचा फराटा काढलाय. तो फराटा दोन धड माणसांच्या मध्ये बसलेला पट्टीवर बघणं म्हणजे अ‍ॅनिमेशनचा आख्खा वर्ग आहे.

न्यूजर्सीकर

बंड्याभाऊंना उत्तर देतो, कारण मी दोन्ही जमवतो.

"ब्लू-रे निगेटिव्हच्या जवळ" हे तेव्हाच खरं, जेव्हा निगेटिव्ह शिल्लक असते. १९७८च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन हाउस या फिल्म संग्रहालयाच्या, पटकन पेटणाऱ्या जुन्या नायट्रेट फिल्मच्या गोदामाला आग लागली, ३२९ चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह गेल्या. एमजीएमने तिथे ठेवलेला मालही त्यात होता, जुनी कार्टूनं धरून. तेव्हा काही टॉम-जेरींसाठी आज 'मूळ' म्हणून जे वापरतात तीही नंतर काढलेली प्रतच असते.

वॉर्नर ब्रदर्स या दुसऱ्या स्टुडिओची गोष्ट आणखी मजेशीर. त्यांनी १९४३पासून जुनी कार्टूनं 'ब्लू रिबन' या नावाने पुन्हा थेटरात आणली. आणताना सुरुवातीची श्रेयनामावली कापून नवं शीर्षक चिकटवलं, तेही थेट निगेटिव्हला. म्हणजे दिग्दर्शक कोण, अ‍ॅनिमेटर कोण, ही पाटीच गायब. पहिल्या प्रदर्शनाच्या वेळची एखादी प्रिंट कुणाच्या तळघरात निघाली तर तेवढाच पुरावा. आमच्याकडे काही जण कार्टून बघतच नाहीत, पहिली वीस-तीस सेकंदं बघतात आणि मूळ शीर्षक नसेल तर डबा परत करतात. हसू नका, मीही त्यातलाच.

आणि ते डिजिटल सफाईचं प्रकरण. डीव्हीडी काढायला लागले तेव्हा फिल्मवरची धूळ आणि ओरखडे आपोआप पुसणारी संगणकीय गाळणी वापरली. ती गाळणी कशाला कचरा समजते? एका चौकटीत आहे आणि पुढच्या चौकटीत नाही, अशा बारीक रेघेला. आता सांगा, धपाधप धावणाऱ्या मांजराची शाईची बाह्यरेषा दुसरं काय असते? जिथे जिथे हालचाल जोरात तिथे रेषा तुटलेल्या, मिशा गायब. मारामारीच्या कार्टूनची वाट नेमकी मारामारीतच लागली. हल्लीच्या आवृत्त्या सुधारल्यात, पण ते जुने डिस्क अजून बाजारात फिरतायत.

बिनधास्त_बंड्या

हे गाळणीचं माहीत नव्हतं. एक गुण तुम्हाला. ओरखड्यांचा मुद्दा मात्र उभा आहे.

मास्तर_कोल्हापूर

वाचतोय. छान चाललंय. पण एक गोष्ट कुणी काढत नाहीये म्हणून मीच काढतो.

वर ज्या 'मॅजिकल माएस्ट्रो'चं कौतुक झालं, त्यातच जादूगार गायकाचे जे वेश बदलतो त्यात चिनी माणसाची टर आहे आणि तोंडाला काळं फासून केलेली कृष्णवर्णीयांची नक्कल आहे. टॉम-जेरीत ती मोलकरीण, जिचे फक्त पायच दिसतात. फटाका फुटला की पात्राचं तोंड काळं, ओठ जाड, केसांच्या वेण्या, आणि प्रेक्षकांनी हसायचं. टीव्हीवाल्यांनी हे तुकडे कापले. तर मला संग्राहकांना विचारायचंय: 'अनकट' प्रिंट म्हणून जिला जास्त भाव देता, तो भाव कशाचा? कापलेल्या तुकड्याचा. म्हणजे पैसे मोजून विकत काय घेतलं?

न्यूजर्सीकर

मास्तर, प्रश्न रास्त आहे. उत्तर गोड नाही.

त्या मोलकरणीला लिलियन रँडॉल्फ या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने आवाज दिला होता. १९६०च्या दशकात अमेरिकन टीव्हीसाठी काही भागांत ती व्यक्तिरेखाच बदलली आणि जून फोरेकडून आयरिश धाटणीत आवाज भरून घेतला. परिणाम काय? टिंगल थोडी कमी झाली, पण एका खऱ्या अभिनेत्रीचं काम पुसलं गेलं. मला मूळ प्रिंट हवी असते ती रँडॉल्फचा आवाज ऐकायला. माझ्या ओळखीत असेही लोक आहेत जे 'बंदी घातलेलं' हे लेबल बघूनच बोली वाढवतात, आणि त्यांच्याबद्दल मला आदर नाही.

हा वाद बाजारातही झालाय. ब्लू-रेवर टॉम-जेरीचा पहिला संच २०११ला आला. दुसऱ्या संचातून 'माउस क्लीनिंग' आणि 'कॅसानोव्हा कॅट' वगळल्याचं कळल्यावर ओरड झाली आणि २०१३ला तो संचच रद्द झाला. वॉर्नरची अकरा कार्टूनं तर १९६८पासून टीव्हीवरून पूर्ण बाजूला ठेवलीत. याउलट काही डीव्हीडींवर सुरुवातीला सरळ पाटी टाकतात: हे चित्रण तेव्हाही चूक होतं, आजही चूक आहे, पण ते नव्हतंच असं भासवणंही चूक. मला हा मार्ग पटतो.

मास्तर_कोल्हापूर

पाटी मलाही मान्य. पण लहान मुलांना गोळा करून हे दाखवताना पाटी कोण वाचतं? माझा आक्षेप कपाटाला नाही, पडद्याला आहे.

रीळवाला

मास्तर, तुमचं बरोबर आहे. मी मुलांच्या खेळाला ती रिळं लावत नाही. मोठ्यांच्या खेळात लावतो आणि आधी दोन मिनिटं बोलतो. बोललं की खोलीतलं हसू त्या जागी आपोआप थांबतं, हे मात्र दर वेळी दिसतं.

गिरगावकर_काका

पोरांनो, तुमचं तंत्र चालू द्या. मेट्रो थेटर १९३८ला एमजीएमनेच बांधलं, त्यामुळे इंग्रजी पिक्चरच्या आधी टॉम-जेरी लागायचं. आम्ही पिक्चर कुठला ते न बघता जायचो. कार्टून संपलं की अर्धी पोरं चुळबूळ करायला लागायची, आता तासभर चुंबनं आणि गप्पा.

फिल्म जमवणं म्हणाल तर आम्हीही केलं. फेरीवाल्याकडे फिल्मचे कापलेले तुकडे मिळायचे. उडालेला बल्ब घ्यायचा, मागचं पितळ काढून आत पाणी भरायचं, झालं भिंग. खोली अंधारी करून दाराच्या फटीतून आरशाने ऊन आत टाकायचं, मध्ये तुकडा धरायचा, भिंतीवर चित्र उलटं येतं म्हणून तुकडा उलटा धरायचा. नटीचा तुकडा असेल तर दोन गोट्या, मारामारीचा असेल तर चार. कार्टूनचा तुकडा क्वचित. तो कुणी बदलून देतच नसे.

अवांतर: आपल्या फाळके साहेबांनी १९१५च्या सुमारास काड्यापेटीच्या काड्या नाचवून 'आगकाड्यांची मौज' केली होती. एक एक काडी हलवायची, एक एक चौकट घ्यायची. म्हणजे हे वेड आपल्याकडे हॉलिवूडच्या सुवर्णकाळाच्या आधीचं.

अनुजा_डोंबिवली

काका, दंडवत. चार गोट्यांचा दर आवडला.

टेक्निकलर_टिळक

रंगाबद्दल कुणीच नीट लिहिलं नाही, म्हणून राहवत नाही. लांब होईल.

तीनरंगी टेक्निकलर पहिल्यांदा वापरलं ते कार्टूनमध्येच: डिस्नेचं 'फ्लॉवर्स अँड ट्रीज', १९३२. नटनट्यांच्या चित्रपटांना तीन फिल्मा एकाच वेळी चालवणारा अवाढव्य कॅमेरा लागायचा. कार्टूनचं चित्र मात्र टेबलावर स्थिर असतं. त्यामुळे साधी एकच काळी-पांढरी फिल्म घेऊन तेच चित्र लाल, हिरव्या, निळ्या गाळणीतून लागोपाठ तीनदा टिपायचे.

छपाई त्याहून सुंदर. प्रत्येक रंगासाठी जिलेटिनचा उठाव असलेली वेगळी फिल्म, ती रंगात बुडवायची आणि कोऱ्या फिल्मवर दाबायची: निळा, किरमिजी, पिवळा. छापील साडीवर ठशागणिक एक रंग चढतो तसं. हे रंग रसायनातून उगवलेले नसतात, वरून दिलेले असतात, म्हणून ते जवळजवळ उडत नाहीत. १९४०च्या दशकातली अशी प्रिंट आज लावली तरी टॉमचा निळसर करडा तसाच, पडदे तसेच लालभडक.

याउलट १९५०पासून आलेली ईस्टमनकलर प्रिंट. स्वस्त, सोपी, आणि घात करणारी. तिच्यातला निळसर रंग सगळ्यात आधी मरतो, मग पिवळा. उरतो गुलाबी. डबा उघडून फिल्म पांढऱ्या कागदावर धरली की कळतं: आकाश गुलाबी, गवत गुलाबी, मांजर गुलाबी. दवाखान्याच्या औषधासारखा तो रंग बघून मन खट्टू होतं. १९८०च्या दशकात कोडॅकने टिकाऊ रंगाची फिल्म आणली, तोवर टीव्हीसाठी काढलेल्या हजारो प्रिंट गेल्या त्या गेल्याच. अमेरिकेत ती ठशांची छपाई १९७०च्या दशकाच्या मध्यावर बंद पडली. त्यामुळे 'आयबी टेक' (म्हणजे ठशांच्या छपाईची टेक्निकलर प्रिंट) एवढे दोन शब्द यादीत दिसले की लोक का तुटून पडतात ते समजा.

आणि हे कार्टूनला जास्त लागू होतं, कारण इथे रंग हा अपघाताने आलेला नसतो. नटाच्या मागची भिंत जी असेल ती असते. कार्टूनमध्ये प्रत्येक रंग कुणीतरी बाटलीतून निवडून सेल्युलॉइडच्या पाठीवर भरलेला असतो. तो गेला की त्या माणसाचं काम गेलं.

बिनधास्त_बंड्या

टिळकसाहेब, हा प्रतिसाद वाखुसा (वाचनखूण साठवली). आता माझा मोह सुरू झाला, शिव्या तुम्हाला.

गंभीर प्रश्न: हे कायदेशीर असतं का? टीव्ही स्टेशनची प्रिंट माणसाच्या घरी कशी?

न्यूजर्सीकर

चांगल्या ठिकाणी बोट ठेवलंस. स्टुडिओ प्रिंट विकत नसत, भाड्याने देत. वापर संपला की नष्ट करायची. पण नष्ट करायला दिलेला माल कधी कधी मागच्या दाराने बाहेर पडायचा. १९७४ला एफबीआयने हॉलिवूडमध्ये नट रॉडी मॅकडॉवलच्या घरावर छापा घालून त्याचा संग्रह जप्त केला, तेव्हा इथले संग्राहक हादरले होते. त्या काळात आपल्याकडे काय आहे हे कुणी कुणाला सांगत नसे.

दुसरीकडे, घरी बघायला अधिकृतपणे विकलेला मालही भरपूर होता. कॅसल फिल्म्स ८ आणि १६ मिमीवर कार्टूनं विकायची, आयोवातली ब्लॅकहॉक फिल्म्स जुने विनोदपट विकायची. वॉर्नरची १९४८च्या आधीची रंगीत कार्टूनं १९५६ला एएपी नावाच्या कंपनीने घेतली आणि १६ मिमीवर टीव्ही स्टेशनांना पुरवली. स्टेशनं व्हिडिओकडे वळल्यावर तो माल अडगळीत गेला. शिवाय काही कार्टूनांच्या स्वामित्वहक्काचं २८ वर्षांनी नूतनीकरणच झालं नाही, उदाहरणार्थ १९४३चं 'अ कॉर्नी कॉन्सर्टो'. ती कुणाचीच नाहीत, म्हणजे सगळ्यांची. मिशिगनच्या स्टीव्ह स्टँचफील्डची थंडरबीन ही छोटी कंपनी अशीच विसरलेली कार्टूनं संग्राहकांच्या प्रिंटांवरून सुधारून बाजारात आणते. चोरटे म्हणून ज्यांना हिणवलं त्यांच्याच कपाटांवर आता जीर्णोद्धार चाललाय.

अनुजा_डोंबिवली

जपानमधली ती बातमी आठवते का कुणाला? ओसवाल्ड ससा, मिकीच्या आधीचा डिस्नेचा नायक. त्याचं १९२८चं 'नेक अँड नेक' हरवलं असं धरलं होतं. यासुशी वातानाबे या अ‍ॅनिमेशनच्या अभ्यासकाने किशोरवयात ओसाकातल्या एका घाऊक खेळण्यांच्या दुकानातून ५०० येनला एक छोटं रीळ घेतलं होतं, वर नाव मिकीचं. ते दोनेक मिनिटांचं रीळ ओसवाल्डचं निघालं हे २०१८ला जाहीर झालं. इतकी वर्षं ते त्यांच्याकडेच होतं!

रीळवाला

हो! आणि ते खेळणं म्हणून विकलं गेलं होतं हे महत्त्वाचं. विद्यापीठाने जपलं नाही, स्टुडिओने जपलं नाही. पोराने पॉकेटमनीतून घेतलेला तुकडा उरला. दोन मिनिटांची गंमत होती म्हणून तो कुणी टाकला नाही, आणि दोन मिनिटांचीच होती म्हणून कुणी महत्त्वाचाही मानला नाही.

नवी_आयडी_४२०

पहिलाच प्रतिसाद, सांभाळून घ्या. चोरबाजारात मटण स्ट्रीटला एक १६ मिमी प्रोजेक्टर आणि तीन डबे बघून आलोय. डब्यांवर कार्टून लिहिलंय. एक डबा उघडला तर लोणच्याच्या बरणीसारखा आंबट वास आला. घेऊ का?

टेक्निकलर_टिळक

तो डबा अजिबात घेऊ नका. बाकीचे दोन त्याच पेटीत होते का ते आधी बघा.

तो वास अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचा. १६ मिमी फिल्म अ‍ॅसेटेटवर असते, ती दमटपणात आणि उष्णतेत कुजायला लागली की अ‍ॅसिड सुटतं, आणि सुटलेलं अ‍ॅसिड कुजणं आणखी वाढवतं. फिल्म आकसते, वाकडी होते, भोकं प्रोजेक्टरच्या दातांत बसत नाहीत. शेजारच्या चांगल्या फिल्मलाही त्या वाफेचा त्रास होतो. यावर इलाज नाही, वेग कमी करता येतो फक्त: थंड, कोरडी जागा, आणि घट्ट बंद नसलेला डबा. मुंबईच्या पावसाळ्यात हे म्हणजे वैतागच. माझी रिळं जूनच्या आधी देशावर मावशीकडे जातात.

चांगल्या डब्यांचं: फिल्म हाताने ओढून बघा, ठिसूळ नसावी. पहिले काही फूट पांढऱ्या उजेडावर बघा, सगळं गुलाबी असेल तर भाव पाडा. सांधे, म्हणजे फिल्म तुटून जिथे जोडलीये त्या जागा, मोजा. कार्टूनमध्ये एक सांधा म्हणजे चार-पाच चौकटी गेल्या, आणि वर रीळवाल्यांनी सांगितलंच की पाच चौकटीत काय काय असतं. आख्खा फटका गेलेला असू शकतो.

रीळवाला

प्रोजेक्टरसाठी: दुकानदार "चालू आहे" म्हणेल, म्हणजे दिवा लागतो एवढंच. मोटर चालवून बघा, फिल्म ओढणारा पंजा वरखाली होतोय का, फिल्म गुंडाळून घेणारं टेक-अपचं रीळ फिरतंय का, आतले रबरी पट्टे चिकट झालेत का. आवाजाचा छोटा दिवा वेगळा असतो, तो जळतो का बघा. आणि पहिल्यांदा कार्टून लावू नका, कुठलीही निरुपयोगी फिल्म लावून मशीन ओरखडे पाडतंय का ते तपासा. मुंबईत जुन्या फोटोफोन मशीनची नाडी ओळखणारे दुरुस्तीवाले अजून सापडतात, त्यांना आधी विचारा.

नवी_आयडी_४२०

धन्यवाद मंडळी. आंबट डबा सोडला. बाकी दोनपैकी एकावर टॉम-जेरी आहे, पण चित्रं विचित्र वाटली, पाय लांबलचक, मागची दृश्यं रिकामी.

पिटातला_प्रेक्षक

अरे सोड ते! डाइचचं असणार. अनुजाताईंच्या वरच्या प्रश्नाचं उत्तर हेच. एमजीएमने आपला कार्टून स्टुडिओ १९५७ला बंद केला आणि मग १९६१-६२ला तेरा भाग प्रागमध्ये करून घेतले. जीन डाइच दिग्दर्शक. आवाज विहिरीतला, हालचाल झटके आल्यासारखी. टॉमच्या मालकाला बघून हसू येत नाही, पोलिसात तक्रार करावीशी वाटते. फुकट दिलं तरी घेऊ नकोस.

टेक्निकलर_टिळक

प्रेक्षकराव, अन्याय करताय. डाइचच्या 'मन्रो' या कार्टूनला ऑस्कर मिळालं होतं, माणूस लेचापेचा नव्हता. पैसा हॅना-बार्बेराच्या तुलनेत किरकोळ, मूळ भागांपैकी मोजकेच बघायला मिळालेले, आणि कलाकार पोलादी पडद्याआडचे, ज्यांनी टॉम-जेरी कधी पाहिलंच नव्हतं. वर शेवटच्या पाटीवर खोटंच लिहायला लावलं की हे हॉलिवूडमध्ये बनलं. त्या अडचणीतून जे निघालं ते विचित्र आहे, पण त्याचे आवाज टॉड डॉकस्टेडरचे आहेत, इलेक्ट्रॉनिक संगीतातला मोठा माणूस. ते घुमणं मुद्दाम आहे.

पिटातला_प्रेक्षक

मुद्दाम केलं म्हणून चांगलं होतं का? विनोदात फटका वेळेवर बसावा लागतो. डाइचचा फटका उशिरा बसतो आणि मग घुमत राहतो.

टेक्निकलर_टिळक

तेच तर बघण्यासारखं आहे! नवीनभाऊ, रंग शाबूत असेल आणि दुकानदार पडत्या भावात देत असेल तर घ्या. चौकटी मोजा आणि इथे आकडे टाका, म्हणजे फटका किती उशिरा बसतो ते तरी कळेल.

बिनधास्त_बंड्या

डाइचचा वेगळा धागा काढा राव, हा शंभरी गाठेल. नवीनभाऊ, दुसऱ्या डब्यात काय होतं ते सांगितलंच नाही.